गोंदणातली अक्षरे

गेल्या चार-पाच वर्षांत माझ्या दारी येणाऱ्या मंडळींचे वय एकदम खाली आले आहे. पूर्वी येत ते साठीच्या पुढचे. काखेत कापडी पिशवी, पिशवीत पणजोबाचे खरेदीखत नाहीतर वतनाचा एखादा कागद, आणि बोलण्यात भावकीतल्या वादाचा कढ. मोडी वाचून द्या, म्हणायचे. आता येतात ती विशी-पंचविशीतली मुले-मुली. त्यांच्याकडे कागद नसतो, मोबाइल असतो. "काका, आईचं नाव मोडीत लिहून द्या ना. टॅटू काढायचाय."

मी कुणी पुराभिलेखतज्ज्ञ नव्हे. उभी नोकरी एका सहकारी बँकेत रोखपालाची झाली. घरातल्या ट्रंकेत आजोबांचे दफ्तर होते, ते वाचता येईना याची लाज वाटली म्हणून एका सेवानिवृत्त गुरुजींच्या ओसरीवर दोन पावसाळे बसून मोडी शिकलो. पुढे कागदांची गोडी लागली. ब्राह्मी शिकलो ती लेण्यांत हिंडत, पुस्तक एका हातात धरून. सांगायचे एवढेच, की या लेखातली मते माझी आहेत आणि ती कुठल्या विद्यापीठाच्या शिक्क्याची नाहीत.

सुरुवातीला मी या मुलांना उडवून लावत असे. हातावर नाव गोंदायचे तर गोंदा, त्यात लिपीचा कसला विचार? मग एका मुलाला चिठ्ठीवर त्याच्या आईचे नाव मोडीत लिहून दिले. पेन्सिलीने, घाईत. टॅटू काढणाऱ्याला मोडी येत नव्हती. मोडीत काना अक्षराच्या पायथ्यातून निघून वर रेघेला जाऊन भिडतो. त्याला ती माझ्या पेन्सिलीची चुकून उमटलेली ओढ वाटली आणि त्याने ती छाटून अक्षर 'साफ' केले. काना गेला, आईचे नाव बिघडले. मुलाला पुढे सहा महिन्यांनी कुणी तरी सांगितले. तो माझ्याकडे भांडायला आला नाही, नुसता हात पुढे करून उभा राहिला. चूक माझी होती. मी ती प्रत सुई लागण्याआधी पाहायला हवी होती. कागदावरची चूक खोडता येते, खातेवहीतली लाल शाईने दुरुस्त करता येते. ही कशी करणार? तेव्हापासून मी या विषयाकडे थट्टेने पाहत नाही, आणि हातावरच्या अक्षरांचा इतिहास जमेल तसा धुंडाळत आलो आहे.

आपल्याकडचे जुने गोंदण पाहिले तर त्यात अक्षरे जवळजवळ नाहीतच. कपाळावर टिकली, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळशीवृंदावन, सीतेची पावले, विंचू, मोर, ठिपक्यांच्या ओळी. दिव्याची काजळी, झाडपाल्याचा रस, दोन-चार सुया एकत्र बांधलेल्या, वरून हळद. काळे गोंदलेले पुढे हिरवे दिसू लागते, म्हणून 'हिरवं गोंदण'. गोंदणाऱ्या बाईलाही अक्षर येत नसे आणि गोंदून घेणारीलाही. गोंदण वाचायचे नव्हतेच; ते मेल्यावर बरोबर येते, बाकी सगळे इथेच राहते, अशी श्रद्धा होती.

अक्षरे हातावर आली ती जत्रेतल्या यंत्राबरोबर. आमच्या शहरात नवरात्रात कर्णपुऱ्याची यात्रा भरते. माझ्या लहानपणी तिथे पाळण्यांच्या पलीकडे एक माणूस बॅटरी आणि यंत्र घेऊन बसे. शेजारी काचेच्या चौकटीत नमुने: बाण घुसलेला बदाम, नाग, महादेवाची पिंड, आणि खाली 'नाव काढून मिळेल'. पैसे अक्षरागणिक. त्यामुळे गरिबाघरचे नाव तोकडे होई. 'बाई' आणि 'राव' गळून पडत. हे यंत्र कुठून आले याची हकीकत मला फार आवडते. एडिसनने १८७६ साली विजेच्या लेखणीचे पेटंट घेतले. ही लेखणी कागदावर लिहीत नसे, अक्षराच्या वळणाने बारीक भोके पाडत असे. त्या भोकांतून शाई फिरवली की एका पत्राच्या अनेक प्रती निघत. कचेऱ्यांसाठी केलेले ते यंत्र. पुढे १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने त्याच कल्पनेवरून गोंदण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. म्हणजे कर्णपुऱ्याच्या त्या माणसाच्या हातातली सुई मुळात कारकुनाची होती, आणि ती नक्षीपेक्षा अक्षराकडे वळली यात नवल नाही.

माझ्या आत्याच्या हातावर असेच नाव होते, तिच्या नवऱ्याचे. आत्याला वाचता येत नव्हते, आणि नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही हा दंडक. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, मतदार यादी करायला आलेल्या गुरुजींपुढे, कुणी "मालकाचं नाव काय?" विचारले की ती पदर सरकवून हात पुढे करी. गुरुजी वाचत आणि लिहून घेत. तिला वाचता न येणारे अक्षर तिच्या वतीने बोलत असे. उखाण्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. या बोलत्या हाताकडे कुणी फारसे पाहिले नाही.

अक्षराची दुसरी, काळी बाजूही आहे. कंपनी सरकारच्या काळात बंगालमध्ये १७९७ च्या कायद्याने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवत. त्या शिक्षेचे नावच 'गोदना'. मद्रासकडेही ही चाल होती. १८४९ साली ती बंद झाली. सुटलेला माणूस मुंडासे कपाळावर ओढून हिंडे आणि मग मुंडासे खाली ओढणारा प्रत्येक जण लोकांच्या संशयाला येई. 'दीवार' चित्रपट १९७५ चा. त्यात लहान मुलाच्या हातावर गावगुंड जे चार शब्द गोंदतात त्यावरच सगळी गोष्ट उभी आहे. आम्ही तो चित्रपट पाहिला तेव्हा आम्हाला संवाद पाठ होते. ती अक्षरे एका मुलावर त्याच्या मर्जीविरुद्ध लिहिलेला दस्तऐवज आहे, हे मला फार उशिरा जाणवले. आपणहून निवडलेले अक्षर आणि लादलेले अक्षर, दोन्हींना सुई तीच.

आता थोडे जुन्याकडे जाऊ. कन्नड तालुक्यात गौताळ्याच्या डोंगररांगेत पितळखोऱ्याची लेणी आहेत. पावसाळ्यात धबधबा ओलांडून उतरावे लागते. अजिंठ्याला जाणाऱ्यांपैकी शंभरात एखादा इथे येत असेल. १९५० नंतरच्या दशकात तिथला राडारोडा उपसला गेला आणि म. न. देशपांडे यांनी १९५९ साली त्याचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्या उत्खननात एक यक्ष सापडला. बुटका, पोट सुटलेला, गालभर हसणारा. त्याच्या हातावर ब्राह्मी अक्षरे कोरलेली आहेत. त्यांचा अर्थ असा, की ही मूर्ती कान्हदास नावाच्या सोनाराने केली.

हातावर! पायथ्याशी नाही, पाठीवर नाही. मूर्ती दोन हजार वर्षांहून जुनी, इसवी सनापूर्वीची. सोनाराला बारीक कोरीवकामाची सवय, त्याने दगडाच्या हातावर आपले नाव दागिन्यासारखे बसवले. त्या काळी माणसांच्या अंगावर अक्षरे गोंदत होते, असा दावा मी यावरून करणार नाही. तसे म्हणायला पुरावा नाही. पण हात ही नाव लिहायची जागा आहे, हे आपल्याच जिल्ह्यातल्या एका कारागिराला सुचले होते, एवढे तर दिसते. मूळ मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. टॅटूसाठी येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी तिचे छायाचित्र दाखवतो. निम्मी मुले पितळखोरे हे नाव प्रथमच ऐकत असतात.

नाव ठेवून जाण्याची हौस काही एकट्या कान्हदासाची नव्हती. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याचे घरमुख वासिष्ठीपुत्र कटहादी याने दान दिले, तसे त्याने दर्शनी भागावर कोरवून घेतले. त्याच लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज सैनिकी अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी खांबावर आपले नाव खरवडले. आपल्याच शहरात बीबी का मकबऱ्याच्या दारावर अताउल्लाचे नाव आहे. स्मिथने चित्र खराब केले, बाकीच्यांनी आपले काम करून नाव टाकले, हा फरक आहेच.

नागसेनवन परिसरातली आणि विद्यापीठाजवळच्या वसतिगृहांतली मुले येतात ती बहुतेक ब्राह्मीसाठी. बाबासाहेबांची इंग्रजी सही हातावर असणारे तरुण या शहरात पुष्कळ. मिलिंद महाविद्यालय १९५० पासून इथे आहे, त्यामुळे ती सही इथल्या मुलांना परकी नाही. हल्ली त्यांना 'भीम' किंवा 'बुद्ध' ब्राह्मीत हवे असते, कारण विद्यापीठामागच्या डोंगरात लेणी आहेत आणि ती आपली आहेत ही भावना. मला ते आवडते. पण मग मी विचारतो, कोणती ब्राह्मी? मुले गोंधळतात. सम्राट अशोकाच्या काळची ब्राह्मी म्हणजे रेघा, वर्तुळे आणि कोन: 'क' म्हणजे अधिकचे चिन्ह, 'ग' म्हणजे घराचे छप्पर, 'ठ' वाटोळा, 'थ' म्हणजे मध्ये टिंब दिलेले वर्तुळ, 'ब' चौकोनी, 'न' म्हणजे आडव्या रेघेवर उभी काठी. गोंदायला याहून सोपी लिपी नाही. कोपरे मोकळे असतात, गाठी नसतात, शिरोरेघ नसते. जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ती वाचली ती सांचीच्या छोट्या दानलेखांवरून. पुष्कळ लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात, ती 'दानं' असावीत, असा त्याने तर्क केला. सामान्य माणसांच्या नावांमुळे लिपी उघडली, हे मुलांना सांगितले की डोळे चमकतात.

याच ब्राह्मीचे पाचव्या शतकातले रूप वेगळे. वाकाटकांच्या ताम्रपटांत अक्षरांच्या डोक्यावर बारीक चौकोनी पेटी असते. फार देखणे दिसते. एका मुलीने हट्टाने तेच मागितले. मी म्हणालो, पेटी पोकळ ठेवलीस तर दहा वर्षांनी भरून जाईल. कारण कातडीखाली शाई पसरते, हळूहळू पण पसरतेच, आणि अक्षरातली लहान मोकळी जागा आधी बुजते. त्यावर ती म्हणाली, "मग भरलेलीच काढते." ताम्रपटांतही भरलेल्या पेट्यांची अक्षरे आहेत, तेव्हा तिचे काही चुकले नाही. चूक होते ती सरमिसळीत. अर्धी अक्षरे अशोकाच्या काळची आणि अर्धी गुप्तकाळची, अशी ओळ एका दंडावर मी पाहिली आहे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या पत्रात मध्येच टंकलेखन यंत्राचे अक्षर.

मोडीची मागणी मात्र सर्वांत मोठी, आणि गैरसमजही सर्वांत मोठे. मोडी हेमाडपंताने आणली अशी परंपरा आहे. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे परंपरा खरी मानली तर ही लिपी आमच्या शहराबाहेर दहा मैलांवरची. त्यात दंतकथा किती हा वाद चालू राहील. लिपीचा स्वभाव मात्र कागदावर स्पष्ट दिसतो: आधी पानभर आडवी रेघ मारायची, मग बोरू न उचलता अक्षरे खाली लोंबकळवत न्यायची. शब्द तोडायचे नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही, एक वेलांटी आणि एक उकार यांवर काम भागते. शिवकालीन वळण टपोरे, पेशवाईतले नेमके आणि बांधीव, इंग्रजी अमदानीत बोरू जाऊन टाक आला आणि अक्षर किरटे, तिरके, धावते झाले. मोडी ही घाईची लिपी आहे. कचेरीची आहे, हिशेबाची आहे. आज मुले तिच्यात जी राजेशाही शोधतात ती बहुतेक पडद्यावरून आलेली. मी दफ्तरात वाचतो ते गुळाचे भाव आणि बैलाच्या विक्रीचे करार.

मुंबई इलाख्यात १९१७ साली सरकारने मोडीऐवजी बालबोध वापरायचे ठरवले. शाळांतून ती पुढे काही दशके रेंगाळली. आमच्याकडे निजामी राज्य. वरच्या कचेऱ्यांची भाषा आधी फारसी, मग उर्दू. गावच्या कुलकर्ण्याचे दफ्तर मात्र मोडीत. त्यामुळे मराठवाड्यातल्या जुन्या मुद्रांकाच्या कागदावर वर उर्दू छापील मथळा, सन फसली, आणि खाली मोडी मजकूर अशी जोडी सापडते. युनिकोडमध्ये मोडी आली ती २०१४ साली. तेव्हापासून घरबसल्या नाव मोडीत करून मिळते आणि घोटाळा इथेच होतो. यंत्र एकेक अक्षर सुटे, समान जाडीचे, ऱ्हस्व-दीर्घासह ठेवते. वाचता येते, पण ते कुणाचेच हस्ताक्षर नसते. शिवाय बोरूच्या तिरक्या टोकामुळे येणारी जाड-बारीक ओढ सुईला आपोआप येत नाही. ती एकेक कड भरून काढावी लागते. अच्युत पालव यांनी मोडीच्या वळणांचा अभ्यास करून सुलेखनात ती ओढ पुन्हा आणली, आणि टॅटूवाल्यांच्या वहीतले बरेचसे नमुने त्यांच्या कामाची तिसऱ्या-चौथ्या हातची नक्कल असतात. नक्कल करताना ओढ राहते, अक्षर हरवते.

मोडी कागदांतली मला सर्वांत प्रिय गोष्ट अक्षरे नव्हेत, निशाण्या. ज्याला लिहिता येत नाही त्याचे नाव लेखक लिही आणि शेजारी तो माणूस आपली खूण काढी. कुणब्याची निशाणी नांगर. चांभाराची आरी. सुताराची त्याच्या हत्याराची. बायकांची निशाणी बांगडी: एक वाटोळे, हात कापत काढलेले, कधी पुरते न मिटलेले. अंगठा उठवायची पद्धत पुढे आली आणि हे सगळे पुसले गेले. आयुष्यभर ज्या हत्याराने पोट भरले त्याचे चित्र हीच सही! मी दोन-तीन मुलांना सुचवले, आजोबा सुतार होते ना, मग नावाऐवजी ती खूण काढा. एकानेही ऐकले नाही. त्यांना अक्षरच हवे होते, आणि ज्यांच्या घरात तीन पिढ्यांपूर्वी अक्षराला शिवायची सोय नव्हती त्यांना ते हवेसे वाटावे, हे मी समजू शकतो.

साध्या देवनागरीचे काय? तिथे तर निवड आणखी अवघड, कारण आपल्याला वाटते हे आपले रोजचेच. आपल्या पिढीच्या डोळ्यांत बसलेले बालबोध अक्षर निर्णयसागरचे आहे. जावजी दादाजींच्या त्या छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी जे खिळे घडवले, त्यांनी पंचांगापासून पोथीपर्यंत मराठी नजरेला वळण लावले. टॅटूच्या दुकानातले संगणकीय टंक मात्र बहुतेक हिंदी वळणाचे. 'ल' दांड्याचा येतो, 'श' गाठीचा. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा. २०२२ च्या शासन निर्णयानेही तेच सांगितले आहे. शीतल, शालन, लीला अशी नावे अंगावर हिंदी होऊन बसतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मला ते खुपते. माझे चिरंजीव म्हणतात, बाबा, हे फक्त तुम्हालाच खुपते. असेल. पण ज्या गावात गाडीच्या पाटीवर ४१४१ ला 'दादा' करण्यासाठी अंकांची एवढी कलाकुसर चालते, तिथे आईच्या नावातल्या 'ल'साठी दोन मिनिटे द्यायला काय हरकत आहे?

उर्दूचा उल्लेख केल्याशिवाय हे शहर पुरे होत नाही. वली आणि सिराज यांचे हे गाव. मुसलमान घरांतून टॅटू सहसा निषिद्धच, त्यामुळे उर्दू अक्षर मागायला येतात ती गंमत म्हणजे बहुतेक इतर मुले, शेरोशायरीच्या नादातली. नस्तालीक अक्षर तिरके, एकमेकांच्या खांद्यावर झोपलेले. संगणकाने नीट साथ दिली नाही तर तेच अक्षर सुटे होऊन उलट्या क्रमाने पडते. नुक्ता हलला तर 'ब'चा 'न' होतो. अशांना मी हात जोडून एका वयस्कर कातिबाकडे धाडतो. त्यांनी हयातभर लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या लिहिल्या. ते टॅटूसाठी लिहून देत नाहीत. चुकलेले मात्र दाखवतात.

निवडीचे व्यावहारिक भाग मी दुकानात बसून शिकलो. सिडकोतल्या एका तरुण कारागिराने मला बाकड्यावर जागा दिली आणि मी त्याच्या प्रती तपासून देऊ लागलो. तो म्हणतो, हात सरळ नसतो, फिरला की रेघ फिरते. म्हणून मनगटावर लांब शिरोरेघ घेऊ नका. 'ध', 'भ', 'छ', 'ज्ञ' यांच्या गाठी मोठ्या ठेवा. जोडाक्षर उभे रचण्यापेक्षा आडवे मोडा. अक्षराचे तोंड कुणाकडे हे आधी ठरवा: स्वतःला वाचायचे की समोरच्याला? जत्रेतला माणूस समोर बसून लिही, म्हणून जुनी नावे बहुधा बघणाऱ्याकडे तोंड करून असतात. माझ्या आत्याचे तसेच होते. आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना तो आधी परत पाठवतो. सैन्यात आतल्या बाजूला कोपर ते मनगट आणि हाताच्या पाठीवर एवढीच मुभा आहे, दंडावर मोठे नाव म्हणजे वैद्यकीय तपासणीत घरी. आमच्या भागात पहाटे धावणारी पोरे इतकी आहेत, की हा इशारा दुकानाच्या दारावर लावायला हवा.

मागच्या दिवाळीनंतर एक मुलगी आली. आजी नुकतीच गेली होती. आजीचे नाव मोडीत, डाव्या हातावर हवे होते. मी नेहमीचे प्रश्न विचारले. आजीला मोडी येत होती का? नाही, सहीपुरते बालबोध, तेही साक्षरतेच्या वर्गात शिकलेले. मग मोडी का? "छान दिसते." प्रामाणिक उत्तर. बोलता बोलता ती म्हणाली, आजीच्या हातावरही काहीतरी गोंदलेले होते, पण पार पसरले होते, घरात सगळे म्हणत आजोबांचे नाव असेल नाहीतर देवाचे. दवाखान्यात असताना तिने आजीचा हात हातात घेऊन काढलेला फोटो मोबाइलमध्ये होता.

तो फोटो मी मोठा करून आठ दिवस पाहिला. सुरकुत्या, सलाईनची पट्टी, आणि तिच्या वर निळसर-हिरवे डाग. पसरलेले अक्षर वाचायची एक रीत आहे: गाठी विसरायच्या, उभे दांडे मोजायचे. दांडे आजोबांच्या नावाशी जुळेनात. आजीच्या नावाशीही जुळेनात. तीन अक्षरे होती, शेवटच्या अक्षराची वेलांटी भलत्याच बाजूने खाली आलेली. माझ्या वाचनाने निघाले ते बाईचे नाव, पण त्या घरात त्या नावाचे कुणीच नव्हते. एक शंका आली. मी मुलीला म्हणालो, आजीच्या माहेरी कुणी आहे का?

आजीचा धाकटा भाऊ वैजापूर तालुक्यात होता, ऐंशीच्या पुढचा. मुलीने माझ्या समोरच फोन लावला आणि ते नाव विचारले. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग म्हातारा म्हणाला, "अगं, ही तर आमची आक्का. लग्नात नाव बदललं ना तिचं." लग्नाच्या आदल्या वर्षी जत्रेत तिने हट्ट करून स्वतःचे नाव काढून घेतले होते. यंत्रवाल्याला तीन अक्षरांचे पैसे वडिलांनी दिले होते आणि घरी आल्यावर आईने दोघांनाही बोल लावला होता, कारण मुलीच्या हातावर देवाचे नाव असावे, नाहीतर भावाचे.

साठ-पासष्ट वर्षे त्या बाईने ते नाव बाहीखाली बाळगले. सहीला बदललेले नाव गिरवायला शिकली तेही त्याच हाताने.

मुलगी पुढच्या आठवड्यात सिडकोतल्या दुकानात आली तेव्हा मीही गेलो. आता मोडी नको होती. फोटोवर पातळ कागद ठेवून आम्ही ती तीन अक्षरे उतरवली, पसरलेली कड सोडून, मधला गाभा तेवढा. शिरोरेघ दुसऱ्या अक्षरावर तुटलेली होती ती तशीच ठेवली. कारागिराने प्रत माझ्यापुढे धरली. नाव त्याने दोनदा वाचले आणि म्हणाला, "काका, वेलांटी चुकलीय. सरळ करून घेऊ ना?"

मी मुलीकडे पाहिले. तिने बाही वर केली होती. "नको," ती म्हणाली, "आहे तशीच काढा. आणि तोंड माझ्याकडे."